बहिणीच्या डोळ्याचा फोटो

शहाद्याहून नवापूर काही परदेश नाही. एसटी आन रेल्वे मिळून दिवसाचं काम. पण मी परत आली तशी मोहल्ल्यातल्या बायका विचारतात, खाला, तुम्ही एका डोळ्यानं एवढ्या लांब गेल्या कशासाठी, तिथं काय पाह्यलं. एकेकीला सांगून जीभ दुखली. म्हणून ज्या गेल्या नाहीत त्यांच्यासाठी एकदाच सांगून ठेवते. मला सहीपुरतं येतं. मी बोलते, नात लिहिते. घरात आम्हा पिंजाऱ्यांची बोली अहिराणी, पण नात म्हणते लिहिण्यात जरा शाळेसारखं बोल. जमेल तेवढं बोलते. माणसं जे बोलली ते मात्र तसंच ठेवलंय.

आधीचं

आमचा धंदा रुई पिंजायचा. गाद्या, रजया, उश्या. नवरा मेल्यावर पिंजायची मशीन मीच चालवली. फोमच्या गाद्या आल्या, गिऱ्हाईक कमी झालं, तरी चालवली. रुईची धूळ नाकात जाते तशी डोळ्यात बी जाते, त्याचं काही वाटत नाही. एक दिवस मोठा कचरा डाव्या डोळ्यात गेला. मी तो डोळा पदरानं दाबून धरला आन दुकानात अंधार झाला. भर दुपारी. वाटलं लाईट गेली. पण मशीन तं चालूच होती, आवाज येत होता. पदर काढला, उजेड. परत दाबला, अंधार. मंग मशीन बंद केली आन पाणी प्यायली.

उजवा डोळा कव्हा गेला ते मला माहीतच नव्हतं. दुखला नाही, लाल झाला नाही. डाव्यानं काम भागत होतं, म्हणून उजव्याची आठवण कोणाला होणार.

मुलानं नंदुरबारला नेलं. तिथं डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत एका मशीनपुढं बसवलं. हनुवटी एका टेकण्यावर, कपाळ वरच्या पट्टीला. आत हिरवा ठिपका दिसतो, त्याच्याकडे पाहायचं. मंग वीज चमकल्यासारखा एकदाच उजेड. झालं. डोळ्याला काही लागत नाही, सुई नाही, काही नाही. डोळ्याच्या आतला, पार मागच्या पडद्याचा फोटो निघतो. तो टीव्हीसारख्या काचेवर दाखवला. मला वाटलं पपई कापून ठेवली. तसाच रंग, गोल. त्यात लाल दोरे पसरलेले. आन एका बाजूला, जिथून सगळे दोरे निघतात, तिथं पिवळट चकती.

बाई म्हणाल्या, "आजी, हे नसेचं तोंड. डोळ्याला जे दिसतं ते इथून मेंदूत जातं. याच्या मध्ये बारीकसा खड्डा सगळ्यांनाच असतो. तुमचा खड्डा पसरत पसरत काठापर्यंत गेलाय."

"मोतीबिंदू शे का?" मी विचारलं. "तो पिकला म्हणजे काढतात."

"मोतीबिंदू नाही, काचबिंदू. डोळ्यातल्या पाण्याचा दाब नसेवर पडतो. नस दबत जाते."

मी म्हटलं, "गादीवर माणूस रोज एकाच जागी बसला की रुई दबते, तसं का?"

"तसंच."

"गादी उसवून रुई परत पिंजता येते."

"हे पिंजता येत नाही, आजी. गेलं ते गेलं. डावा डोळा अजून बराच आहे, तो थेंबांनी धरून ठेवू."

बरं, म्हटलं. मंग त्यांनी विचारलं, सख्खी भावंडं किती. मी म्हटलं एकच बहीण, शकिला, माझ्याहून लहान, नवापूरला दिली. बाईंनी लिहायचं थांबवलं. म्हणाल्या, "हे रक्तातून येतं. सुरुवातीला माणसाला काहीच कळत नाही, फोटोत मात्र कळतं. तुमच्या वेळेला उशीर झाला होता. तिचा आत्ता काढा. नवापूरला डोळ्याच्या केंद्रात हेच मशीन आहे. तिथली मुलगी फोटो काढून मला इथं पाठवते."

घरी येऊन शकिलाला फोन लावला. ती मला बुबू म्हणते, म्हणजे ताई. हसायला लागली. "बुबू, मन्हा डोयाले काय व्हयनं? मी आज बी बिनचष्मानी सुई ओवस."

आता हे तुम्हाला सांगावं लागेल. आमच्यात डोळा सुईवर पारखतात. मुलगी पाहायला गेले की चहाच्या आधी तिच्या हातात सुईदोरा देतात. ओवला, म्हणजे डोळे चांगले, रजईवर टाके नीट पडतील. म्हाताऱ्या माणसाला बी तेच. सुई ओवते ना, मंग काही नाही. आमची माय शेवटपर्यंत सुई ओवायची. आन त्याच घरात चौकटीला खांदा धडकवायची, अंगणातल्या कोंबडीवर पाय द्यायची. आम्ही म्हणायचो, माय घाईची आहे.

शकिलानं तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा मी फोन केला नाही. पिशवी भरली.

शहादा ते नंदुरबार

बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, आन शकिलासाठी नवी रुई भरलेली उशी. मुलगा म्हणे मी येतो. मी म्हटलं दुकान कोण पाहील. दुसऱ्याच्या हाताला धरून गेली असती तं शकिला म्हणाली असती, पाहा, आंधळीला आणली.

एसटीत कळसाडीची एक पाटलीणबाई शेजारी बसली. तिच्या मुलीच्या रुखवताच्या गाद्या मीच भरल्या होत्या.

"चाची, कथी निंघन्यात?"

"नवापूर. बहीनना डोयाना फोटो काढाले."

"डोयाना फोटो? तो तं आधारकार्डले काढेल शे सरवास्ना."

"तो बाहेरना. हाऊ मझारना."

"मझार काय दिसस?"

"पपई."

ती इतकी हसली की कंडक्टरनं वळून पाह्यलं. मंग तिनं विचारलं, तिच्या सासऱ्यालाही दिसत नाही, त्याचा निघेल का. मी म्हटलं निघेल, पण तिथं पपईच दिसेल, जमीन कोणाच्या नावावर करणार ते नाही दिसणार. त्यावर ती हसली नाही.

पुढं प्रकाशा गाव, तिथल्या पुलावरून तापी दिसते. पुष्कळ पाणी होतं. मी उजव्या बाजूला बसली होती, तर मला डोकं पूर्ण फिरवावं लागलं. एका डोळ्यानं प्रवास म्हणजे असा, अर्धा देश तुम्हाला मान वळवून घ्यावा लागतो. उसाचे ट्रॅक्टर समोरून येत होते, ते एकदम अंगावर आल्यासारखे वाटायचे. लांब आहेत की जवळ ते कळत नाही. मी डोळा मिटून घ्यायची. आहे तो मिटला की सगळंच मिटतं.

नंदुरबारच्या अलीकडं मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. उघड्या मैदानात लाल मिरच्या वाळत घातलेल्या, जिथपर्यंत नजर जाते तिथपर्यंत. बायका तोंडाला ओढण्या बांधून मिरच्या उलथत होत्या. एसटीत सगळे खोकायला लागले. माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. गेलेल्या डोळ्यातून बी येतं. बघण्याचं काम गेलं तरी रडायचं काम त्यानं सोडलेलं नाही.

नंदुरबारच्या स्टेशनवर एक गोष्ट झाली. गाडी आली, पायरीवर पाय टाकला, तर पायरी तिथं नव्हतीच. मला ती प्लॅटफॉर्मला चिकटल्यासारखी दिसली, होती पुढं. पाय खाली गेला, गुडघा लोखंडाला लागला. मागून एका बाईनं माझं कोपर धरलं आन वर ढकललं. टोपलीत कोंबडीची पिल्लं होती तिच्या, ती चिवचिव करत होती. खांडबाऱ्याकडची कोकणी आदिवासी बाई. मी म्हटलं अल्ला भलं करो. तिला माझी बोली कळेना, मला तिची. तिनं माझ्या गुडघ्याकडं पाह्यलं, टोपलीतून पाण्याची बाटली काढली आन माझ्या रुमालावर ओतली. मी तिला अर्धी भाकर दिली. ठेचा खाऊन तिनं माझ्याकडं असं पाह्यलं की बोली नसली तरी समजलं. खांडबाऱ्याला उतरली.

नवापूर

चिंचपाड्यानंतर सगळं बदलतं. आमच्याकडं सपाट काळी जमीन, इथं टेकड्या, साग, ताडाची झाडं, भाताची कापलेली शेतं. घरं कौलांची. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. लोक बाकावर मधोमध बसून फोटो काढत होते. त्यांना काय कौतुक वाटतं ते मला कळलं नाही. बाक एकच आहे.

गावात शिरलं की कोंबड्यांच्या फार्मचा वास येतो. पहिल्या दिवशी डोक्यात चढतो, दुसऱ्या दिवशी विसरायला होतं. शकिलाचा मुलगा अंड्यांचा टेम्पो सुरतेला नेतो, महिन्यातले थोडेच दिवस घरी. घरात शकिला आन सून शबनम, दोघीच. शबनमचं माहेर सोनगढ, पलीकडं गुजरातमध्ये. गोरी, बारीक, कमी बोलणारी पोरगी. दोन्ही हातात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या.

शकिला ओट्यावर गोधडी शिवत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिली तेव्हा तिनं वर पाह्यलं.

"या अल्ला! एक डोयानी इतलं दूर उनी? कोन्ही आनं तुले?"

"रेल्वेनी."

गळ्यात पडली. मंग लगेच भांडायला बसली. "माले आंधयी ठरावाले उनी ना तू? सांग. शबनम, सुईदोरा आन वं."

संध्याकाळ व्हायला आली होती. शेजारणी जमा झाल्या. शकिलानं दोरा तोंडात ओला केला, सुई उजेडाकडं धरली आन एका झटक्यात ओवली. बायकांनी वा वा केलं. तिनं सुई माझ्याकडं दिली. "आते तू."

मी दोरा नेला तो सुईच्या पुढं गेला. परत नेला, मागं राहिला. एका डोळ्याला सुई कुठं आहे ते समजतच नाही, हवेत शिवल्यासारखं होतं. एक शेजारीण म्हणाली, "फोटो तं तुमनाच काढाले पाहिजे, खाला."

"मन्हा काढा शे," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. शकिला सगळ्यात जास्त. मी बी हसली. वाद घालून काय मिळणार होतं. जे तिला दाखवायचं होतं ते तिच्याच नजरेच्या बाहेर होतं.

जेवायला नागलीची भाकर, भात आन अंड्याचं कालवण. इथं भात दोन्ही टाईम. आमच्याकडं भात पाहुण्यांना नाहीतर आजाऱ्याला. कालवणात थोडा गूळ होता. मी विचारलं नाही, शबनमनंच सांगितलं, "अम्मीले गोड नही आवडस, तरी मन्हा हात जास." शकिला म्हणाली, "हिना हात कथा कथा जास, माले पुसा."

दुसरा दिवस

सकाळी शकिला ओट्यावर बसली होती. शबनमनं चहाचा कप तिच्या डाव्या मांडीशी ठेवला आन आत गेली. शकिलानं कापड ओढायला हात फिरवला, कप उडाला, चहा गोधडीवर.

"काय वं ही! चोरनागत येस नी ठेवस! तोंडमा जीभ नही का तुन्हा?"

शबनमनं फडकं आणलं, पुसलं. मी तिच्या मागून स्वयंपाकघरात गेली. ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "खाला, मी सांगीसन ठेवस. रोज सांगस. आज एक दिन नही सांगं, तुम्ही व्हत्यात म्हनीसन. त्यास्ले वाटस मी मुद्दाम बाजूथीन येस. बांगड्या भऱ्या, का आवाज येवो. तं म्हनतस, मिजास करस."

"नवराले सांगं का?"

"सांगं. तो म्हने, दोन बायास्ना झगडामा मी नही पडस."

लग्नाला चार पाच वर्षं झाली असतील. तेवढी वर्षं ही पोरगी चोरपावलांची म्हणून बोलणी खात होती. शेजारच्या बायकांत बी तेच नाव. एकदा माहेरी निघून गेली होती, बापानं परत आणून सोडली.

मी दिवसभर पाहत राहिली. शकिला समोरचं सगळं बारीक पाहते. लांबच्या झाडावरचा पतंग दिसतो, टाक्यातली गाठ दिसते. पण चालताना डावा खांदा भिंतीला घासतो. त्या बाजूच्या भिंतीला तिच्या खांद्याच्या उंचीवर चुना गेलेला, पट्टा पडलेला. मला आमच्या मायच्या घरची चौकट आठवली.

दुपारी ती ओट्यावर चिंध्या निवडायला बसली. मी तिच्या डाव्या बाजूला, हात लांब केला तं लागेल एवढ्या अंतरावर बसली. ती कापत होती, मी पाहत होती. मशिदीकडून कोणाचा तरी टेम्पो गेला. तेवढ्यात तिनं मान वर केली.

"बुबू!"

मी बोलली नाही.

"शबनम, बुबू कथी गई वं?"

शबनम दारात आली. तिनं मला पाह्यलं, शकिलाला पाह्यलं, आन तोंडावर हात ठेवला. मी तिला डोळ्यानं खूण केली, गप्प राहा.

"न्हानीमा गई काय?" शकिला म्हणाली. "सांगीसन जावो ना."

"आठेच शे मी," मी म्हटलं.

ती दचकली. पूर्ण मान फिरवली. मी दिसली तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"कव्हयपशी?"

"तू लाल चिंधी कापी, तव्हयपशी."

लाल चिंध्यांचा ढीग झाला होता. तिनं तो पाह्यला. शबनम दारातच उभी होती. शकिलानं तिच्याकडं पाह्यलं नाही. कात्री खाली ठेवली, परत उचलली, एक चिंधी कापली. ती वाकडी कापली गेली.

"सकाय कव्हय उघडस ते तुन्हं केंद्र?" ती म्हणाली.

फोटो

सकाळी आम्ही तिघी गेलो. केंद्र म्हणजे दवाखान्याच्या आवारातली एक खोली. मशीनवर बसणारी मुलगी सुनीता, नवापूर तालुक्यातल्याच मावची आदिवासी घरातली, शाळेची मराठी बोलते. तिनं आधी शकिलाला काळ्या पडद्याआड अंधारात बसवलं.

शकिला आतून ओरडली, "फोटो तं उजेडमा काढतस! आंधारामा कसाले बसाडं?"

सुनीता म्हणाली, "आजी, अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. दार मोठं उघडलं की घरातलं दिसतं, तसं."

"मन्हा घरमा काय देखाले येतस, कोन जाने."

मंग मशीनपुढं बसवलं. हनुवटी ठेवली. वीज चमकली. शकिलानं डोळा मिटला. काचेवर पापणीचे केस आले, बाभळीच्या काट्यांसारखे. परत चमकली, परत मिटला. तिसऱ्यांदा तिनं हिरवा ठिपका सोडून मी कुठं आहे ते पाह्यलं, तर अर्धा फोटो काळा.

"विजनागत चमकाडस नी म्हनस मिटू नको! तूच बस वं आठे!"

सुनीता रागावली नाही. तिच्या बोलण्यावरून वाटलं, रोज असेच लोक येतात. मी पुढं होऊन सांगणार, तेवढ्यात मागून शबनम बोलली. "अम्मी, सुई ओवतांना तुम्ही दम धरतस ना, तसा धरा."

शकिलानं श्वास रोखून दम धरला. खोलीत सगळ्यांनीच धरला असावा, मशीनचा पंखा ऐकू येत होता. चमकलं. एक डोळा झाला. दुसरा डोळा पहिल्याच वेळी झाला.

काचेवर दोन गोल आले. तोच पपईचा रंग, तेच लाल दोरे. माझ्या फोटोत होते त्याच वळणानं दोरे गेलेले. एका मायच्या पोटातल्या आम्ही, आतून बी सारख्याच. मी चकती शोधली. डाव्या डोळ्याच्या चकतीत फिक्कट खड्डा मोठा होता, वरचा काठ बारीक झालेला. उजव्याची चकती बरी होती. खड्डा होता, पण काठ जाड.

"काय शे?" शकिलानं विचारलं. सुनीतानं सांगितलं, मी फोटो काढते, काय आहे ते मॅडम सांगतील. फोटो नंदुरबारला गेले. आम्ही बाहेर बाकावर बसलो.

शबनम वडापाव घेऊन आली. शकिलानं खाल्ला नाही. बराच वेळ गेला. मंग हळू आवाजात तिनं मला विचारलं, "तुन्हा बी असाच व्हता?"

"मन्हा जास्ती व्हता."

"तुन्हा कोन्ही काढा नही टाईमवर?"

"कोन्ही नही."

तिनं माझा हात धरला नाही. वडापावाचा कागद उघडला, अर्धा मला दिला, अर्धा खाल्ला.

सुनीतानं आत बोलावलं तेव्हा फोनवर डॉक्टरीणबाई होत्या. आवाज सगळ्यांना येत होता. डाव्या डोळ्याची नस बरीच दबलीय. उजव्याची आत्ता कुठं सुरुवात. फोटोवर काचबिंदूच वाटतो, तरी दाब आन बाजूची नजर मोजून खात्री करायची, उद्याच नंदुरबारला या.

शकिलानं फोनकडं तोंड करून विचारलं, "बाई, मी आंधयी व्हसू का?"

मंग बाई म्हणाल्या, "आज आला नसता तर काही वर्षांनी कदाचित झाला असता. आता माझं ऐकलं तर बहुतेक नाही."

शकिलानं मान हलवली. फोनला मान दिसत नाही, म्हणून शबनमनं सांगितलं, "त्या हो म्हनतस."

परत नंदुरबार

दुसऱ्या दिवशी तिघी निघालो. गाडीत शकिला खिडकीशी, शबनम समोर. माझा गुडघा सुजला होता. चढताना या वेळी शबनमनं आधी पायरीवर चप्पल आपटली, दोघींनी आवाजावर पाय टाकला. गाडीत शकिला बराच वेळ शबनमच्या हातांकडं पाहत होती. मंग म्हणाली, "या बांगड्या तू मन्हेसाठे भरेल शेतस का?"

शबनम खिडकीबाहेर पाहत राहिली. ताडाची झाडं मागं जात होती.

"पुसी ऱ्हायनी मी तुले."

"हो, अम्मी."

शकिलानं पदर सावरला. सुनेची माफी मागायची आमच्यात पद्धत नाही. तिनं पिशवीतून मी आणलेली उशी काढली आन शबनमच्या पाठीमागं ठेवली. "गाडी हालस," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात डोळ्याचा दाब मोजला. वाढलेला निघाला. मंग अर्ध्या माठासारखं एक पांढरं मशीन, त्यात डोकं घालायचं. आत कुठं बी बारीक दिवा लागतो, दिसला की बटण दाबायचं. मी हे केलेलं आहे. दिव्याला आवाज नसतो, कोणी सांगत नाही. शकिलाच्या हातातलं बटण मी पाहत होती. उजव्या डोळ्याला बटणाची टिक टिक होत राहिली. डाव्या डोळ्याला मधेच खूप वेळ काही वाजलं नाही. ती वाट पाहत होती दिव्याची, आन दिवा येऊन गेलेला होता.

बाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगते, कारण तुम्हाला त्याचा उपयोग आहे. गेलं ते येणार नाही. आहे ते ठेवायचं. थेंब रोज, जन्मभर, बरं वाटतं म्हणून बंद करायचे नाहीत. वरचेवर फोटो काढायचा, आधीच्या फोटोशेजारी ठेवून पाहायचा, खड्डा वाढला का. आन ज्यांच्या माय, बाप, भाऊ, बहिणीला हे झालंय त्यांनी चाळिशीनंतर एकदा फोटो काढायचाच, दुखत नसलं तरी. माझ्या मुलाचा बी काढायचा आहे. तो म्हणतो दुकान झालं की जाऊ. मी त्याचं दुकान बंद करून नेणार आहे.

"थेंब कोण टाकणार?" बाईंनी विचारलं.

"मी," शकिला म्हणाली. बाटली घेतली, मान मागं टाकली, थेंब गालावर पडला. दुसरा कानात गेला. शकिलानं बाटली न पाहता शबनमकडं धरली.

माझी शहाद्याची एसटी उशिरा होती, म्हणून त्यांना सोडायला स्टेशनवर गेली. दोघी चढल्या, शकिला खिडकीशी बसली. मी प्लॅटफॉर्मवर तिच्या डाव्या बाजूला होती. गाडी सुटायची वेळ झाली. ती मला शोधत होती, सरळ समोर पाहत, चहावाल्याकडं, हमालाकडं. मी हात केला, तिला दिसला नाही. गर्दी होती, मला पुढं सरकता येईना.

तेव्हा शबनम उठली. तिनं सासूची हनुवटी दोन बोटांनी धरली आन हळूच माझ्याकडं वळवली. शकिलानं तिचा हात झटकला नाही. मी दिसली. ती काहीतरी बोलली, काचेमुळे ऐकू आलं नाही. गाडी हलली, तसतशी शबनम तिची हनुवटी माझ्या बाजूनं वळवत राहिली, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत.